पायथनचा मराठी कोश करताय? मग शब्दांची मान्यता मागत बसू नका

कऱ्हाडच्या सरांनी विचारलंय की पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या फंक्शनांचा मराठी संदर्भकोश विद्यार्थ्यांकडून करून घ्यायचाय, तर फंक्शन (नाव घेतलं की ठरलेलं काम करणारा कोडचा तुकडा), अर्ग्युमेंट (त्याला आपण देतो ती माहिती), रिटर्न (ते परत देतं ते उत्तर) यांना प्रमाण शब्द कोणते आणि ते कुणाकडून मंजूर करून घ्यावेत. शेवटचा भाग वाचला आणि पोटात गोळा आला. २०१८ साली मी जवळजवळ याच शब्दांत एक अर्ज लिहिला होता.

आधीच सांगतो, मी भाषातज्ज्ञ नाही. शिक्षण कॉमर्सचं, सांगलीच्या विश्रामबागेत छोटा कॉम्प्युटर क्लास चालवतो. पान कुठे ठेवायचं, फाइली कशा वाटायच्या हे तुम्हाला येतच असणार, ते सोडून देतो.

आमच्याकडे सहा पोरं-पोरी होत्या, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाच्या. पायथनमध्ये आयती मिळणारी फंक्शनं ७० च्या आसपास आहेत, त्यातली चाळीसेक त्यांनी पाच महिन्यांत लिहून काढली. भाषा ओबडधोबड होती, पण प्रत्येक नोंदीखाली स्वतः चालवून बघितलेलं उदाहरण होतं. मला वाटलं, याला कुणातरी मोठ्या ठिकाणचा शिक्का मिळाला तर शाळा-कॉलेजं वापरतील. म्हणून एका कार्यालयाकडे गेलो. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. त्यांनी कौतुक केलं, चहा पाजला आणि म्हणाले, परिभाषा तपासून देतो, तोवर मजकुरात बदल करू नका. मी शहाणा, पोरांना म्हणालो, थांबा.

ते थांबणं चौदा महिन्यांचं झालं. दर महिन्याला फोन. साहेब रजेवर, साहेब बदलून गेले, समितीची बैठक व्हायची आहे. एकदा उत्तर आलं की फाइल त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये करून द्या, युनिकोड (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत) त्यांच्याकडे छपाईला चालत नाही. तेही दिलं करून.

एप्रिल २०१९ मध्ये फाइल परत आली. ‘लिस्ट’च्या जागी ‘सूची’, ‘स्ट्रिंग’च्या जागी ‘चिन्हमाला’. यावर माझं भांडण नाही, शब्द वाईट नाहीत. पण कुणीतरी फाइलभर शोधा-आणि-बदला चालवलं होतं. उदाहरणांतल्या कोडमधल्या प्रिंटचंसुद्धा ‘मुद्रित करा’ झालेलं. सरळ अवतरणचिन्हं वर्डनं वळवून टाकलेली, ओळींची डावीकडची मोकळी जागा सपाट. पायथनमध्ये ती मोकळी जागा म्हणजे व्याकरण आहे, गेली की कोड मेला. एकही उदाहरण चालेना. आणि अर्ग्युमेंटला ‘युक्तिवाद’! फंक्शनला युक्तिवाद द्या म्हणे. जणू जिल्हा न्यायालयात उभं राहायचंय.

दुरुस्त करता आलं असतं हो. पण तोवर पोरं शेवटच्या वर्षाच्या परीक्षेत, मग दोघं पुण्याला, एक बंगळुरूला, एकीचं लग्न. चाळीस नोंदी माझ्याकडे होत्या, लिहिणारे हात नव्हते. त्याच ऑगस्टात महापूर आला, क्लासचे तीन पीसी पाण्यात गेले. कोशाची मूळ प्रत मात्र मिरजेला बहिणीकडच्या पेनड्राइव्हवर होती, ती वाचली. म्हणजे बघा, कृष्णामाईनं कोशाचं काही नेलं नाही, जे गेलं ते माझ्या अर्जानं नेलं. (बॅकअप दुसऱ्या गावात ठेवा, हे जाता जाता.)

म्हणून माझं मत, आणि हे फक्त माझं मत आहे: मान्यता मागू नका. ज्याला कोश पटेल तो वापरेल. आणि काही झालं तरी कुणी तपासतंय म्हणून लिहिणं थांबवू नका. भाषातज्ज्ञांचा सल्ला जरूर घ्या, पण त्यांना प्रत द्या, ताबा नको.

शब्दांबद्दल. फंक्शनला कुणी फल म्हणतं, कुणी फलन, कुणी कार्य. आम्ही शेवटी फंक्शनच ठेवलं. नोंदीचं शीर्षक म्हणजे पोरगं कीबोर्डवर टाइप करतं तेच नाव, रोमनमध्ये. शेजारी देवनागरीत उच्चार, कारण अर्धी पोरं कानावर पडलेलं नाव शोधतात. tuple चे ‘टपल’ आणि ‘ट्यूपल’ दोन्ही उच्चार लिहा, वाद घालू नका. मराठी लागते ती समजावताना. ‘सॉर्ट यादी जागच्या जागी क्रमानं लावतं आणि हातात काहीच देत नाही, सॉर्टेड नवी लावलेली यादी देतं’, या एका वाक्यानं आमच्याकडच्या जितक्या चुका थांबल्या तितक्या कुठल्याही प्रमाण शब्दानं थांबल्या नसत्या.

नोंदीवर पायथनची आवृत्ती लिहाच. हे आम्ही केलं नव्हतं. पायथन ३ डिसेंबर २००८ मध्ये आलं, पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला, मधली सगळी वर्षं आमच्या क्लासमध्ये दोन्ही नांदत होती. राउंडच्या (आकडा जवळच्या पूर्णांकावर आणणाऱ्या फंक्शनच्या) नोंदीत एकानं लिहिलं, ‘अर्धा असेल तर वर’. त्याच्या मशीनवर पायथन २ होतं, तिथे ते खरंच होतं. पायथन ३ मध्ये मात्र २.५ चे २ होतात आणि ३.५ चे ४, कारण बरोबर अर्ध्यावर ते सम संख्येकडे जातं. दुसऱ्या पोरानं ती नोंद वाचून गावातल्या दूध डेअरीच्या बिलाचा हिशोब बसवला आणि दोन दिवस एकेका रुपयाचा फरक शोधत बसला.

उदाहरणं आपल्या भागातली घ्या. इनपुटच्या (टाइप केलेलं आत घेणाऱ्या फंक्शनच्या) नोंदीला हळदीच्या सौद्याचे भाव घेतले होते. पायथन ३ मध्ये इनपुटनं आलेली प्रत्येक गोष्ट मजकूर असते, आकडा नव्हे. त्यामुळे ९५०० आणि १२००० यांतला मोठा कोणता विचारलं तर मॅक्स ९५०० सांगतं, कारण ते पहिलं अक्षर बघतं. मार्केट यार्डातल्या अडत्याच्या पोराला हे एका सेकंदात खटकलं. आधी मजकुराचा आकडा करणारं इंट लावा म्हणजे मिटलं. गंमत म्हणजे इंटला देवनागरी आकडेही कळतात, १२००० मराठी कीबोर्डवरून टाइप केले तरी चालतं. मला हे कळायला फार वर्षं लागली.

इंग्रजी संदर्भात न सापडणाऱ्या नोंदी याच. लांबी मोजणाऱ्या लेनला ‘सांगली’ दिलं तर ३ येत नाहीत, ६ येतात, कारण काना, अनुस्वार, वेलांटी वेगवेगळे मोजले जातात. पायथन २ मध्ये यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत) मधल्या त्याच शब्दाचे १८ यायचे. ‘मिरज’ उलटं केलं की ‘जरिम’ होतं, वेलांटी उडी मारून र वर जाते. हे पोरांना करून दाखवा, वर्ग जागा होतो.

परवान्याचं पहिल्याच दिवशी ठरवा. विकिपीडियाला असतो तसा, श्रेय देऊन वापरायची मोकळीक देणारा क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना पुरतो. लिहिणाऱ्या प्रत्येकाची लेखी संमती घ्या. नंतर पत्ते शोधत फिरायची वेळ माझ्यावर आलीये.

आणि अनुक्रमणिका सॉर्टेडवर सोडू नका. त्याच्या लेखी ळ हा ल च्या लगेच पुढे येतो, आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर. ‘ॲरे’सारखे शब्द तर पार ह च्याही मागे पडतात, कारण ॲ ला युनिकोडमध्ये जागाच तिकडे मिळाली आहे. आपला क्रम लिहून काढा आणि सॉर्टेडला ‘की’ (key, म्हणजे क्रम ठरवायचा नियम) म्हणून द्या, दहा-बारा ओळींचं काम आहे.

शोधाचंही तसंच. सर, आज संध्याकाळी कऱ्हाड हा शब्द दोन वेगळ्या मराठी कीबोर्डांवरून टाइप करून बघा. एक कीबोर्ड ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरेल, दुसरा साध्या र ला हलन्त लावून पुढे न दिसणारा जोडक घालेल. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतील. लेन एकाला ६ सांगेल, दुसऱ्याला ७, आणि दोन्ही समान आहेत का विचारलंत तर फॉल्स, म्हणजे ‘नाही’, येईल. कोशात पहिली नोंद टाकायच्या आधी सगळ्या मुलांचे कीबोर्ड एकच करून घ्या.