‘आणखी एक’ म्हणणाऱ्या गिऱ्हाईकाला कसे थांबवावे?

प्रश्न : म्हापशाजवळ आमचा लहानसा बार आहे. हंगामात काही पर्यटक झिंगल्यावरही ‘आणखी एक’ म्हणून अडून बसतात. नाही म्हटले तर भांडण होते आणि दिले तर तोच माणूस भाड्याची स्कूटर चालवत निघतो. काय करावे?
– एक वाचक, बार्देश

उत्तर : नकार उशिरा दिला की भांडण होते. जीभ जड झालेल्या माणसाला पटवून देणे कठीण असते, म्हणून लक्ष ठेवायचे ते दुसऱ्या पेगपासूनच. ६० मिलिलिटरच्या मोठ्या पेगमधून सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल पोटात जाते आणि शरीर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅमच निकालात काढते. त्यामुळे तासाभरात दोन पेग घेतलेला माणूस उठतो तेव्हा त्यातली बरीचशी दारू त्याच्या अंगात शिल्लकच असते. कॉफी पाजून किंवा तोंडावर पाणी मारून ती उतरत नाही. हुर्राकच्या बाबतीत तर विशेष जपावे, कारण फेणीपेक्षा सौम्य असलेले हे पेय लिंबाचा सोडा, मीठ आणि चिरलेली मिरची घालून नवखा पर्यटक भर उन्हात सरबतासारखे पितो.

नकार सर्वांसमोर देऊ नये. शेजारी जाऊन, आवाज खाली ठेवून ‘आता जेवण वाढतो, पेग मात्र मिळणार नाही’ एवढेच सांगावे. ‘तुम्हांला चढली आहे’ हे वाक्य टाळावे. सोबत्यांपैकी शुद्धीवर असलेल्याला विश्वासात घ्यावे आणि सगळ्या वेटरांना कल्पना द्यावी, नाहीतर एकाने नाकारलेला पेग दुसरा आणून देतो.

त्याला बाहेर काढले की आपली जबाबदारी संपली, असे मी मानत नाही. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना वाहन चालवणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली गुन्हा असून पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. किल्ली हिसकावू नका, मागून घ्या आणि टॅक्सी बोलावून द्या. तरीही तो स्कूटर घेऊन निघालाच, तर ११२ वर कळवायला कचरू नका.

कोपऱ्यात झोपी गेलेल्याला एकटे सोडू नये, कारण शेवटचा पेग संपल्यानंतरही रक्तातले प्रमाण काही वेळ वाढत राहते. त्याला कुशीवर वळवावे, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाण्याचा धोका कमी होतो. मुद्दाम उलटी करवू नये. हलवूनही तो जागा होत नसेल, श्वास मंद किंवा अडखळत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर ताबडतोब १०८ ला फोन करावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत कोणीतरी त्याच्याजवळ बसावे.