गावाचा ‘धसका’ आणि डॉक्टरांचा पीटीएसडी

चंद्रपूर जिल्ह्यातल्या जंगलाला लागून असलेल्या एका गावातून एका शिक्षकांनी विचारलं आहे: ‘मागच्या उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या बायकांवर वाघ आला. एक जण गेली. तिच्या शेजारीच पानं तोडत होती ती बाई वाचली, अंगावर ओरखडासुद्धा नाही. वर्ष होत आलं, पण ती अंगणापलीकडे पाऊल टाकत नाही. गाव म्हणतं, तिनं धसका घेतला. नागपूरच्या डॉक्टरांनी कागदावर पीटीएसडी लिहून दिलं. हे दोन्ही एकच का? आणि धसका न् धक्का यांत फरक तो काय?’

पीटीएसडी म्हणजे पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, जीवघेण्या प्रसंगानंतर मागं राहणारा मनाचा आजार. पण दुसरा प्रश्न आधी घेतो. पहिल्याचं बरंचसं उत्तर त्यातच निघतं.

या दोन शब्दांच्या आधी षष्ठीत काय येतं ते बघा. भावाच्या मरणाचा धक्का, निकालाचा धक्का, पीक बुडाल्याचा धक्का. जे आलं ते घडून गेलेलं आहे. आता धसका: परीक्षेचा धसका, सावकाराचा धसका, वाघाचा धसका. इथं जे आलं ते बहुतेक वेळा अजून जायचं आहे. ते कुठंतरी आहे आणि पुन्हा समोर येईल. म्हणून धक्क्यातून माणूस ‘सावरतो’, पण धसक्यातून सावरला असं आपण सहसा म्हणत नाही. धसका ‘जातो’ नाहीतर ‘निघतो’, म्हणजे तोवर तो आत बसलेला असतो. ‘तिला धक्का बसला’ ही बातमी झाली. ‘तिनं धसका घेतलाय’ ही आजची स्थिती.

पीटीएसडीचं मर्मही हेच. घडून गेलेली गोष्ट मेंदूच्या लेखी घडून गेलेली नसते.

आता मेंदूकडं. कानशिलाच्या आत दोन्ही बाजूंना बदामाएवढा एकेक पुंजका असतो, अमिग्डला. धोका ओळखायचा आणि अंगाला कामाला लावायचं, हे त्याच्याकडं. छाती धडधडते, हातपाय ताठतात, श्वास अडकतो. ‘हा वाघ आहे’ असं शब्दांत उमटायच्या आधीच हे सुरू झालेलं असतं. त्याला लागूनच हिप्पोकॅम्पस. आठवणीला जागा आणि वेळ चिकटवणं हे त्याचं मोठं काम: हे तिथं झालं, तेव्हा झालं, आता नाही. आणि कपाळामागचा पुढचा भाग लगाम धरतो. अमिग्डलाला सांगतो की थांब, हे नुसतं वारं आहे. पीटीएसडी झालेल्यांच्या मेंदूच्या चाचण्यांत साधारणपणे असं दिसतं की अमिग्डला गरजेपेक्षा जास्त पेटतो, लगाम धरणारा भाग ढिला पडतो, आणि हिप्पोकॅम्पसचा आकार सरासरीनं थोडा लहान असतो. सरासरीनं, हे विसरू नका. एका माणसाचा एमआरआय काढून ‘हिला पीटीएसडी आहे’ असं कुणी सांगू शकत नाही. निदान बोलून, विचारूनच होतं.

शिक्षकांनी पत्रात एक बारीक गोष्ट लिहिली आहे, ती मला फार मोलाची वाटते. त्या बाईच्या मागून कुणी न बोलता आलेलं तिला चालत नाही. सून विहिरीवरून परतताना फाटकापासूनच ओरडते, ‘आत्या, मी येऊन रायली!’ बाई बसते ती भिंतीला पाठ लावूनच. आणि अंगणात सागाची वाळकी पानं झाडताना जो खसखस आवाज होतो, तो झाला की तिच्या हातातलं काम सुटतं. सागाच्या पानानं तिचं काही बिघडवलेलं नव्हतं. पण त्या दिवशी जो आवाज आधी आला तो पानांचाच, आणि अमिग्डलानं तो वाघाच्या खात्यात मांडून ठेवला. दुधानं तोंड पोळलं की ताक फुंकून पितात म्हणतात ना, तेच; फक्त ताक फुंकणाऱ्याला आपण का फुंकतो ते ठाऊक असतं. इथं अंग परस्पर दचकतं, आणि नंतर बाई स्वतःवरच चिडते.

काळ जातो तसं काय होतं, हा यातला सगळ्यात गुंतागुंतीचा भाग. पहिले काही दिवस जवळजवळ प्रत्येकालाच झोप लागत नाही, प्रसंग डोळ्यांपुढं येतो, कुणी हाक मारली तरी दचकायला होतं. याला आजार म्हणत नाहीत. बहुतेकांचं हे आठवड्यांत, महिन्यांत आपोआप ओसरतं. म्हणूनच पीटीएसडी म्हणायला ही लक्षणं महिनाभरापेक्षा जास्त टिकावी लागतात. काहींना आधी फारसं काही वाटत नाही आणि सहा महिन्यांनी, वर्षानं पूर्ण आजार दिसतो. ज्यांचं ओसरत नाही त्यांच्यात एक चक्र सुरू होतं. जंगल टाळलं की जीव हलका होतो, म्हणून वाट टाळली जाते, मग विहीर, मग फाटक. पण टाळलं की ‘इथं काही होत नाही’ हे मेंदूला शिकायची संधीच मिळत नाही. भीती जुनी होत जाते, कमी होत नाही. त्यात झोपेची वाताहत. नीट झोप नसली की लगाम धरणारा भाग आणखी थकतो.

मग मेंदू झिजतो का? वर्तमानपत्री लेखात ‘तणावानं हिप्पोकॅम्पस आकसतो’ असं बेधडक छापलेलं असतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत लांबलेल्या ताणानं तसं होताना दिसलं आहे, खरं. पण २००२ साली अमेरिकेत जुळ्या भावांचा एक अभ्यास झाला. एक भाऊ व्हिएतनामच्या लढाईत गेलेला, दुसरा घरीच. लढाईहून पीटीएसडी घेऊन आलेल्यांचा हिप्पोकॅम्पस लहान होता, आणि त्यांच्या घरी राहिलेल्या जुळ्या भावांचाही लहानच निघाला. म्हणजे निदान काही जणांत तो आधीपासूनच लहान असतो, आणि अशा माणसाला धसका लवकर धरतो. एकाच प्रसंगातून दोघी वाचतात, एक आठ दिवसांत वावरात जाते आणि दुसरी जात नाही, यात हिमतीपेक्षा आणखीही बरंच काही असतं.

इथं मला ‘घेतला’ या क्रियापदाबद्दल तक्रार करायची आहे. धक्का ‘बसतो’, भीती ‘वाटते’, चिंता ‘लागते’. या सगळ्यांत माणसाकडं काही घडतं. धसका मात्र माणूस ‘घेतो’. मनाला लावून घेतलं, डोक्यात राख घालून घेतली, त्याच पंगतीतला हा ‘घेतला’. बोलणाऱ्याच्या मनात दोष द्यायचा नसतो, पण चार दिवसांनी ‘घेतला तसा सोडून दे ना बाई’ हे वाक्य याच क्रियापदातून निघतं. ‘धसका बसला’ असंही ऐकू येतं. गावात बोलताना मी तेच वापरेन.

आणि दोन्ही एकच का, तर नाही. दोन्हींचा बराच भाग एकमेकांवर पडतो, पण धसका मोठा आहे. म्हातारा कर्जाच्या धसक्यानं गेला असं आपण यवतमाळकडं ऐकतो, तिथं पीटीएसडीचा संबंध नसतो. ‘हाय खाल्ली’ हाही वेगळा. हाय खाल्लेला माणूस जेवण सोडतो, बोलणं सोडतो, खाटेवर पडून राहतो. ते औदासीन्याच्या आजाराच्या जवळचं. धसका बसलेला पडून राहत नाही, तो कान टवकारून असतो. अर्थात दोन्ही एकाच माणसाला होऊ शकतं आणि पुष्कळदा होतं. ‘बाहेरचं लागलं’ म्हणून पुजाऱ्याकडं नेतात तेव्हा या तिघांचीही सरमिसळ झालेली असते.

पीटीएसडी हे नावही काही फार जुनं नाही. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या या अवस्थेला ‘शेल शॉक’ म्हणत. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत पीटीएसडी आलं ते १९८० साली. मराठीत ‘आघातोत्तर ताणविकार’ असा शब्द छापतात. अर्जात, प्रमाणपत्रात तो लिहायला हरकत नाही, पण त्या बाईशी बोलताना त्याचा काही उपयोग नाही.

उपचारासाठी आपल्याकडं तयार शब्द आहे: भीती मोडणे. डॉक्टर किंवा समुपदेशक जे करतात ते बरंचसं हेच, फक्त मोजूनमापून. आधी प्रसंग सुरक्षित जागी बसून पुन्हा पुन्हा सांगायचा, मग फाटकापर्यंत, मग विहिरीपर्यंत. गरज पडली तर सोबत सर्ट्रालिनसारखी औषधं. यात जुनी आठवण पुसली जात नाही. तिच्याशेजारी नवी एक आठवण उभी राहते, ‘पानं वाजली आणि काही झालं नाही’ अशी, आणि लगाम धरणारा भाग तिच्या जोरावर अमिग्डलाला आवरतो. म्हणून पुढं कधी शेजारच्या गावात वाघाची बातमी आली की धसका पुन्हा डोकं वर काढतो. याचा अर्थ उपचार वाया गेले असा नाही. पुन्हा मोडायला दुसऱ्या वेळी कमी दिवस लागू शकतात.

एक अडचण मात्र मोठी आहे. भूकंपातून वाचलेल्याला आपण म्हणू शकतो की झालं ते झालं. या बाईला ‘आता वाघ नाही’ असं कुणी सांगू नये, कारण वाघ आहे, आणि ते तिला सांगणाऱ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. जंगलाची भीती तिनं ठेवावीच. पुढच्या हंगामात पानं तोडायला जायचं की नाही हे तिचं तिनं ठरवावं. मोडायची आहे ती फाटकाची, विहिरीची आणि अंगणातल्या सागाच्या पानांची भीती. नागपूरला दर वेळी जाणं जमत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट लागतो, मराठीत बोलतात. आणि सुनेला सांगा, फाटकापासून ओरडते ते सध्या चालू ठेव, बंद कधी करायचं ते समुपदेशकाला विचारून ठरवू.