वाचकांचे प्रश्न : मतदान केंद्राध्यक्षाची जबाबदारी

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. यापूर्वी मतदान अधिकारी म्हणून काम केले आहे. या वेळी प्रथमच केंद्राध्यक्ष म्हणून नेमणूक झाली आहे. यंत्र जोडणे प्रशिक्षणात शिकवले. त्यापलीकडे माझ्याकडून नेमके काय अपेक्षित आहे?

उत्तर : लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम २८-अ प्रमाणे या काळात तुम्ही निवडणूक आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर आहात असे मानले जाते. त्यामुळे केंद्रावर तुमच्या खात्यातील वरिष्ठांचा किंवा गावच्या पुढाऱ्याचा शब्द चालत नाही. तिथला निर्णय तुम्ही घ्यायचा असतो, तो उमेदवारांच्या मतदान प्रतिनिधींसमोर घ्यायचा असतो आणि लगेच लिहून ठेवायचा असतो. माझ्या मते या तीन गोष्टी सांभाळल्या की बाकीचे काम बरेच सोपे होते.

याची सुरुवात अभिरूप मतदानापासून, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या मॉक पोलपासून होते. प्रत्यक्ष मतदानाच्या ९० मिनिटे आधी, प्रतिनिधींच्या उपस्थितीत, ‘नोटा’सह प्रत्येक उमेदवाराला मते पडतील अशा रीतीने किमान ५० मते नोंदवायची आणि यंत्राचा निकाल आणि व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे प्रत्येक मताची कागदी चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या, चिठ्ठ्या एकमेकांशी ताडून पाहायच्या. त्यानंतरची पायरी घाईत सुटण्याचा धोका सर्वांत मोठा असतो. कंट्रोल युनिटमधील, म्हणजे मते साठवणाऱ्या भागातील, ही मते पुसायची, व्हीव्हीपॅटच्या पेटीतील चिठ्ठ्या बाहेर काढायच्या, त्यांच्या मागे शिक्का मारून त्या काळ्या पाकिटात मोहोरबंद करायच्या आणि रिकामी पेटी प्रतिनिधींना दाखवायची. मते पुसायची राहिली, तर संध्याकाळी यंत्रातील एकूण आकडा मतदार नोंदवहीशी जुळत नाही आणि दिवसभर निष्ठेने केलेल्या कामावर संशयाची सावली पडते. म्हणून ‘क्लिअर’ केल्यानंतर यंत्रात शून्य दिसते आहे हे प्रत्येक प्रतिनिधीला स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्या. त्यासाठी दोन मिनिटे जास्त गेली तरी चालतील.

मतदान सुरू झाल्यावर पहिला मतदान अधिकारी मतदाराची ओळख पटवून त्याचे नाव आणि अनुक्रमांक मोठ्याने वाचतो. दुसरा डाव्या तर्जनीला शाई लावतो, नोंदवहीत सही किंवा अंगठा घेतो आणि चिठ्ठी देतो. तिसरा ती चिठ्ठी घेऊन, शाई पाहून, कंट्रोल युनिटवरचे बटण दाबतो. रांग वाढली की मोठ्याने वाचणे हळूहळू बंद पडते, तसे होऊ देऊ नका. प्रतिनिधींना मतदाराच्या ओळखीवर आक्षेप घेण्याची संधी मिळते ती त्या वाचनामुळेच. आक्षेप आलाच, तर २ रुपये अनामत घेऊन तिथेच संक्षिप्त चौकशी करायची असते. पुरावा आधी आक्षेप घेणाऱ्याने द्यायचा आहे, हे लक्षात ठेवा, कारण अशा वेळी बहुधा गरीब मतदारालाच उलटतपासणीला उभे केले जाते. आक्षेप सिद्ध झाला नाही, तर मतदाराला मत देऊ द्यायचे, आणि आक्षेप निव्वळ त्रास देण्यासाठी होता असे दिसले, तर अनामत जप्त करायची.

प्रश्न : मी केंद्रावर पोहोचलो तेव्हा माझ्या नावावर कोणीतरी आधीच मत देऊन गेले होते. “आता काही करता येणार नाही,” असे सांगून मला परत पाठवले. हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही. तुम्हाला काही प्रश्न विचारून तुमची ओळख पटल्यावर केंद्राध्यक्षांनी तुम्हाला प्रदत्त मतपत्रिका द्यायला हवी होती. हे मत यंत्रावर नव्हे, कागदी मतपत्रिकेवर दिले जाते. मतदाराची सही नमुना १७-ब मधील यादीत घेतली जाते आणि मतपत्रिका वेगळ्या पाकिटात मोहोरबंद होते. नेहमीच्या मोजणीत हे मत धरले जात नाही, म्हणून अनेक अधिकारी ते निरर्थक समजतात, आणि मला ही समजूत फार घातक वाटते. २००८ मध्ये राजस्थानातील नाथद्वारा विधानसभा मतदारसंघाचा निकाल अवघ्या एका मताने लागला आणि त्यावरील निवडणूक याचिकेत प्रदत्त मतांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तुमचे मत पाकिटातच नसेल, तर न्यायालयासमोर ते येणार कुठून? शिवाय त्या यादीतील नोंद हाच तुमच्या नावावर तोतयाने मतदान केल्याचा लेखी माग असतो. असा प्रसंग पुन्हा आला, तर ‘प्रदत्त मत’ हे शब्द उच्चारून मागणी करा.

प्रश्न : माझ्या आईला जवळजवळ दिसत नाही. केंद्रावरील एका अधिकाऱ्याने, “मीच बटण दाबून देतो, तुम्ही फक्त नाव सांगा,” असे म्हटले. हेतू चांगला असेल, पण आम्हाला संकोच वाटला.

उत्तर : संकोच योग्यच होता. अंध किंवा यंत्र हाताळू न शकणाऱ्या मतदाराला स्वतःचा सोबती नेता येतो. सोबत्याचे वय किमान १८ वर्षे असावे लागते, त्याला त्या दिवशी एकाच मतदाराचा सोबती होता येते आणि मताची गुप्तता राखण्याचे घोषणापत्र त्याला द्यावे लागते. मतदान कर्मचाऱ्याने सोबती व्हायचे नसते. कोणी यंत्राशी छेडछाड करत असल्याचा किंवा फार वेळ आत थांबल्याचा संशय आल्यास केंद्राध्यक्षांना मतदान कक्षात जाता येते. पण तेव्हाही प्रतिनिधींची इच्छा असेल तर त्यांना बरोबर येऊ द्यावे लागते. मदतीच्या नावाखाली एकट्याने आत जाणे कोणत्याच नियमात बसत नाही.

प्रश्न : मतदानाची वेळ संपली तेव्हा आम्ही रांगेत होतो. मत देता येईल का, यावरून वाद झाला.

उत्तर : वेळ संपण्यापूर्वी रांगेत असलेल्या प्रत्येकाला मत देता येते, मग कितीही उशीर होवो. त्यासाठी केंद्राध्यक्षांनी सही केलेल्या क्रमांकित चिठ्ठ्या रांगेच्या शेवटच्या माणसापासून पुढे वाटत यायचे असते, म्हणजे मागून कोणी घुसू शकत नाही. पुढून वाटप सुरू झाले की शेपूट वाढत राहते आणि वाद तिथेच पेटतो.

प्रश्न : मी एका उमेदवाराचा मतदान प्रतिनिधी होतो. किती मते नोंदली गेली याचा कागद मागितला, तेव्हा “तो मोजणीच्या दिवशी मिळेल,” असे उत्तर मिळाले.

उत्तर : तो कागद म्हणजे नमुना १७-क, नोंदवलेल्या मतांचा हिशेब. निवडणूक नियम, १९६१ मधील नियम ४९-स प्रमाणे मतदान संपताना हजर असलेल्या प्रत्येक प्रतिनिधीला त्याची साक्षांकित प्रत देणे आणि पोच घेणे हे केंद्राध्यक्षांचे कर्तव्य आहे. ती मागण्याचीही गरज पडू नये. मोजणीच्या टेबलावर यंत्रातील आकडा ज्याच्याशी ताडायचा, तो आकडा याच प्रतीत असतो. म्हणून पुढच्या वेळी प्रत हाती पडेपर्यंत केंद्र सोडू नका, आणि नकार मिळाला तर त्याच संध्याकाळी निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या.