बेसबॉल कळत नसताना स्टेडियम बघायच्या रोड ट्रिपला जावं का?

तुम्ही लिहिलंय की जुलैत पुण्याहून शिकागोला मित्रांकडे येताय, ते म्हणतायत चौघांनी आठ दिवस गाडी काढून बेसबॉलची स्टेडियमं बघत फिरायचं, आणि तुम्हाला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही, तर जावं का. जा हो, बिनधास्त जा. मी हेच केलंय, दोन वर्षांपूर्वी, आम्हीपण चौघंच, सांगलीच्या कॉलेजातले. मी शिकागोजवळ राहतो, एक डॅलसवाला, एक बारामतीकर जो पहिल्यांदाच अमेरिकेत आलेला, आणि एक कोल्हापूरकर ज्याला खेळ हा प्रकारच आवडत नाही, तो फक्त लांब गाडी चालवायला मिळणार म्हणून आला होता. फक्त आम्ही जो आकडा डोक्यात धरून निघालो तो तुम्ही धरू नका. आठ दिवसांत सहा स्टेडियमं करायची होती, झाली साडेचार.

आधी हे सांगतो की मॅच न कळता स्टेडियम का बघायचं. बेसबॉलमध्ये मधला चौकोन सगळीकडे अगदी सारखा, त्याच्या चार कोपऱ्यांना बेस म्हणतात, बेस ते बेस ९० फूट, पिचर (बॉल टाकणारा) ते होम प्लेट (बॅटिंगवाला उभा राहतो तो बेस) ६० फूट ६ इंच (आपली पिच २२ यार्ड म्हणजे ६६ फूट, जवळपास तेवढंच). पण त्याच्या बाहेर ज्याला जसं पाहिजे तसं. कुठं भिंत जवळ, कुठं लांब, कुठं कमरेएवढी तर कुठं तीन मजली. बॉस्टनचं फेनवे पार्क १९१२ चं आहे, तिथं डावीकडची हिरवी भिंत ३७ फूट उंच आहे, कारण मागे लगेच रस्ता, ग्राउंड वाढवायला जागाच नाही, मग भिंत वर नेली. म्हणून तर लोक इथं अष्टविनायक केल्यासारखी मोठ्या लीगमधल्या टीमची तीसच्या तीस स्टेडियमं करतात, कुणी एका उन्हाळ्यात, कुणी वीस वर्षांत. बाय द वे तिसांतलं एक टोरांटोत, म्हणजे कॅनडात आहे, मित्र म्हणतील जाता जाता ते पण करू, तर सिंगल एंट्री व्हिसा असेल तर अजिबात ऐकू नका.

आता प्लॅनिंग. सगळे चुकतात ती गोष्ट म्हणजे आधी नकाशा उघडतात. आधी शेड्यूल उघडा. प्रत्येक टीम सीझनला १६२ मॅच खेळते, त्यातल्या ८१ घरी, आणि त्या सलग नसतात, तीन-चार मॅचच्या एक-दोन सिरीज घरी मग टीम दुसऱ्या गावाला जाते. तुम्ही डेट्रॉइटला पोचाल आणि टीम गेलेली असेल टेक्ससला. मी एक्सेलमध्ये सहा टीमच्या तारखा शेजारी शेजारी मांडल्या तेव्हा कळलं की सरळ गोल रूट बसतच नाही, एक तरी दिवस मोकळा सोडावा लागतो. आणि तुम्ही जुलै म्हणताय म्हणून खास सांगतो, जुलैच्या मध्याला ऑल-स्टार ब्रेक असतो, त्या तीन-चार दिवसांत सगळीकडे सुट्टी. तेवढी तारीख बघूनच विमानाचं तिकीट काढा, नाहीतर येऊन कुलपं बघाल.

आमचा रूट होता मिलवॉकी, शिकागो, डेट्रॉइट, क्लीव्हलँड, पिट्सबर्ग, सिनसिनाटी आणि परत. मिलवॉकी शिकागोपासून दीडशे किलोमीटर पण नाही, आणि त्याला उघडझाप होणारं छप्पर आहे म्हणजे पावसाची भानगड नाही, सुरुवात तिथूनच करा. मॅचच्या आधी पार्किंगमध्ये टेलगेटिंग चालतं, म्हणजे लोक गाडीची डिकी उघडून, खुर्च्या टाकून, शेगडी पेटवून बसतात, निम्म्या लोकांना मॅचपेक्षा त्याचंच जास्त. आम्ही एक छोटी ग्रिल नेली होती, मक्याची कणसं भाजली, लिंबू-तिखट-मीठ चोळलं, कोल्हापूरकराने आणलेला ठेचा होताच, शेजारच्या गाडीतले लोक वास आल्यावर बघायला आले आणि दोन कणसं देऊन आम्ही त्यांच्याकडून बर्फ घेतला. हुरडा पार्टीच म्हणा ना. आत गेल्यावर मध्येच पाच माणसं सॉसेजचे उंच उंच पुतळे घालून ग्राउंडच्या कडेनं पळतात, ही रोजची शर्यत आहे, लोक त्याच्यावर पैजा लावतात. बारामतीकर म्हणाला हे काय चाललंय काय. तिसऱ्या मॅचला तोच विचारत होता आज इथं कोण पळणार.

शिकागोचं रिग्ली फील्ड. हे एकच बघितलं तरी चालेल असं मी म्हणणार होतो पण मग पिट्सबर्ग राहतं. रिग्ली १९१४ चं, भर वस्तीत, दोन्ही बाजूला बिल्डिंगा, त्यांच्या गच्च्यांवर चक्क पायऱ्या-पायऱ्यांचे स्टँड बांधलेत, तिकीट काढून तिथून मॅच बघतात. आउटफील्डची भिंत विटांची आणि तिच्यावर वेल, १९३७ मध्ये लावलेला. बॉल वेलात अडकला तर फील्डर बॉल शोधत बसत नाही, दोन्ही हात वर करतो, बॅटरला दोन बेस. गल्लीत बॉल कुणाच्या बागेत गेला की दोन रन फिक्स असायचे की नाही, तेच हे. रात्रीच्या मॅचसाठी लाइट १९८८ मध्ये आले, तोपर्यंत सगळ्या मॅच उन्हातच, म्हणून मी म्हणतो की इथं दुपारचीच मॅच बघा. समोरच्या टीमने होम रन मारला (बॉल भिंतीपलीकडे, आपली सिक्सच) तर इथले लोक तो बॉल परत ग्राउंडवर फेकून देतात, इतर ठिकाणी बॉल ज्याला मिळेल त्याचा, घरी नेतात. आणि एक गंमत, इथली टीम शिकागो कब्स वर्ल्ड सिरीज, म्हणजे सीझनची फायनल, १९०८ नंतर थेट २०१६ ला जिंकली, १०८ वर्षं, आणि बेसबॉलच्या बॉलवर टाके पण १०८ असतात. आमच्या आईला हे सांगितलं तर ती म्हणाली मग जपमाळच झाली की. गाडी मात्र नेऊ नका, रेड लाइनने अ‍ॅडिसनला उतरा, स्टेशनातून बाहेर आलात की समोर स्टेडियम.

डेट्रॉइटला आमचा पोपट झाला. शिकागोहून साधारण साडेचारशे किलोमीटर, हिशोब करून निघालो, वाटेत आरामात चहा-बिहा, आणि मिशिगनची हद्द लागल्या लागल्या फोनमधलं घड्याळ एक तास पुढे उडी मारून गेलं. टाइम झोन बदलतो! मी इथं इतकी वर्षं राहतो, मला माहीत होतं, तरी हिशोबात धरलं नाही. तीन इनिंग बुडाल्या (बेसबॉलमध्ये एका मॅचला नऊ असतात). उरलेलं छान होतं, गेटवर दगडी वाघ, आत मुलांसाठी पाळणा ज्याचे डबे बेसबॉलच्या आकाराचे, कोल्हापूरकर दोनदा बसला.

क्लीव्हलँडला पाऊस. चौथ्या इनिंगला सुरू झाला, माणसांनी पळत येऊन मोठी ताडपत्री ओढली, आम्ही दोन तास जिन्याखाली, मग मॅच रद्द. तिकीट वाया जात नाही, ती मॅच परत होईल तेव्हा चालतं, पण तेव्हा आम्ही कुठं असणार. हे ते अर्धं.

आता पिट्सबर्ग. पीएनसी पार्क २००१ चं आहे, म्हणजे जुनं नाही, पण असं स्टेडियम मी दुसरं बघितलेलं नाही. नदीच्या काठावर आहे, पलीकडे शहर, मधे पिवळा पूल. मॅचच्या दिवशी तो पूल गाड्यांना बंद असतो, सगळं गाव चालत चालत नदी ओलांडून मॅचला येतं, आषाढीला निघाल्यासारखं, फक्त टोप्या काळ्या-पिवळ्या. पुलाला नाव रॉबर्टो क्लेमेंटेचं. हा इथल्याच टीमचा, पिट्सबर्ग पायरेट्सचा खेळाडू, मूळ पोर्तो रिकोचा, बरोब्बर ३००० हिट (बॉल मारून बेस गाठला की एक हिट) मारलेला, १९७२ च्या ३१ डिसेंबरला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी सामान घेऊन निघालेलं त्याचं विमान समुद्रात पडलं. त्याचा नंबर २१, म्हणून उजवीकडची भिंत २१ फूट उंच ठेवलीय. हीच ती टीम जिने २००८ मध्ये आपल्याकडच्या रिंकू सिंग (क्रिकेटवाला नव्हे) आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकीवाल्या पोरांना साइन केलं होतं, दोघं उत्तर प्रदेशातले.

आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर बसलो, स्वस्त तिकीट, आणि तिथूनच पूल-नदी-शहर सगळं दिसतं, खाली महागात बसून दिसत नाही. शेजारी एक आजोबा मांडीवर पुठ्ठा आणि हातात पेन्सिल घेऊन स्कोअर लिहीत होते. मी कॉलेजात टीमचा स्कोअररच होतो (खेळता येत नव्हतं म्हणून), मला राहवेना, विचारलं. त्यांनी तीन इनिंगभर शिकवलं. प्रत्येक फील्डरला नंबर, ६-४-३ लिहिलं म्हणजे शॉर्टस्टॉपने (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला फील्डर) उचलून दुसऱ्या बेसला दिला, तिथून पहिल्याला, दोघं आउट. बॅट फिरवून चुकला आणि आउट झाला तर इंग्रजी ‘के’, आणि नुसता बघत उभा राहिला आणि आउट झाला तर तोच ‘के’ उलटा, आरशात दिसतो तसा. नुसता बघत बसल्याची अशी लेखी बेइज्जती आपल्या स्कोअरबुकात नाही, आपल्याकडे बोल्ड म्हणजे बोल्ड, बॅट फिरवली का नाही कोण विचारतो. त्यानंतर मला मॅच दिसायला लागली. तोपर्यंत मी दोन तास काहीच होत नाही असं म्हणत होतो, आणि बघितलं तर प्रत्येक बॉलच्या आधी फील्डर दोन पावलं सरकत होते. तर पहिल्याच स्टेडियममध्ये एक स्कोअरकार्ड आणि पेन्सिल घ्या, यूट्यूबवर नियम बघण्यापेक्षा बरं. आणि कंटाळ्याचं म्हणाल तर २०२३ पासून पिचरला घड्याळ लावलंय, ठराविक सेकंदांत बॉल टाकायचाच, त्यामुळे मॅच पूर्वीपेक्षा लवकर संपते, साधारण अडीच-पावणेतीन तास.

खाण्याचं: शाकाहारी असाल तर फ्राइज, नाचोज, शेंगदाणे, एवढ्यावर आठ दिवस निघत नाहीत. बऱ्याच ठिकाणी बाहेरचं खाणं छोट्या पिशवीतून आत नेऊ देतात, प्रत्येकाची वेबसाइट आदल्या दिवशी बघा, पिशवीच्या साइजवरून परत पाठवतात. आम्ही पोळी-भाजीचे रोल फॉइलमध्ये बांधून न्यायचो. पिट्सबर्गमध्ये पिएरोगी मिळतात, आत बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या म्हणा, त्या खा.

आणि मित्र पूर्वेकडे चला म्हणाले तर बॉस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, बाल्टिमोर हे सगळं एका ओळीत आहे आणि ट्रेननेपण होतं. न्यूयॉर्कच्या सिटी फील्डवर तर २०१५ मध्ये सचिन आणि वॉर्न टीम घेऊन क्रिकेट खेळले होते, बारामतीकराला तेच बघायचं होतं, आम्ही नेलं नाही, ते तो अजून ऐकवतो.

सिनसिनाटी राहिलंच. पिट्सबर्गहून साडेचारशेच्या वर किलोमीटर, सकाळी सातला निघायचं ठरलं होतं, पण रात्री मॅचनंतर पुलावर बसलो ते दीड वाजेपर्यंत, सकाळी दहाला डोळा उघडला तेव्हा कुणीच कुणाला काही बोललं नाही, नाश्ता केला आणि परत नदीवर गेलो. म्हणून म्हणतो आठ दिवसांत चारच धरा, आणि पिट्सबर्गला दोन रात्री ठेवा. सिनसिनाटीची चार तिकिटं डॅलसवाल्याने काढलेली होती, त्याचे पैसे आम्ही तिघांनी अजून दिलेले नाहीत.