टँकमधली वाळू आतून सडू नये म्हणून

माशांच्या टँकमध्ये खानापूरकडची मलप्रभा नदीची बारीक वाळू घालायची म्हणतोस, घाल. पण पाणी नितळ येईपर्यंत धू आणि थर 3-4 सेंटिमीटरच्या वर नेऊ नकोस. बारीक वाळू दबून बसली की खाली पाणी फिरत नाही, ऑक्सिजन संपतो. मग काळे डाग पडतात, हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास येतो. व्हॅलिस्नेरिया, क्रिप्टोकोरीन या पाणवनस्पती लाव, त्यांची मुळं वाळूत ऑक्सिजन सोडतात. मलेशियन ट्रम्पेट गोगलगायी तर माझ्या फार आवडीच्या, दिवसा वाळूतच फिरून ती मोकळी ठेवतात. खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढंच टाक. आणि कळकळीनं सांगतो, काळी पडलेली वाळू मासे आत असताना एकदम ढवळू नकोस. दर आठवड्याला पाणी बदलताना थोडी थोडी सायफननं, म्हणजे पाणी ओढायच्या नळीनं, ओढून काढ.