फुटबॉलवर लिहायचंय? मग कामठी गाठ

भाऊ, नोकरीच्या भरवशावर फुटबॉलवर लिहायला बसू नको. न्यूयॉर्क टाइम्सने 2023 मध्ये क्रीडा विभाग बंद केला, तिथं आपली काय कथा! पोटापाण्यासाठी व्हिडिओ एडिटिंग शिकून ठेव.

ह्यू मॅकइल्व्हनी या ब्रिटिश क्रीडा पत्रकारासारखे जुने लिहिणारे आठवून लोक हळहळतात (पेपर मात्र विकत घेत नाहीत, ते सोड). त्या पिढीतले मॅच संपताच फोनवरून मजकूर सांगू शकायचे, कारण मॅचभर डोळे मैदानावर असायचे. तू नागपूरजवळच्या कामठीला जा, नागपूरच्या यशवंत स्टेडियमला जा, मोबाइल खिशात ठेव. बॉल दुसऱ्या टोकाला असताना स्टॉपर (मधला बचावपटू) कुठं उभा राहतो, कोणावर ओरडतो, ते मिनिटासकट वहीत टिपून घे. स्कोअर काय, ॲपवर फुकट मिळतो. आणि खेळाडूचं नाव दोनदा विचार. चुकलं तर मोहल्ला सोडत नाही.