बुक आर्ट्स आणि लेटरप्रेस मुद्रणात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याचे दिवस प्रत्यक्षात कसे जातात?

तुम्ही विचारले आहे की, या विषयात, म्हणजे पुस्तक हाताने रचणे, बांधणे आणि उठावाच्या अक्षरांना शाई लावून ती कागदावर दाबून छापणे यात, पदव्युत्तर पदवी घेणारा विद्यार्थी दिवसभर नेमके काय करतो, आणि संगणकावर पुस्तकांची मांडणी करणाऱ्या तुमच्यासारख्या व्यक्तीने त्यासाठी आयुष्यातली तीन वर्षे द्यावीत का. मी सध्या अशाच अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षात आहे, म्हणून जे रोज करते तेच सांगते. माहितीपत्रकांत सहसा न सापडणारी एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे. छापखान्यात जाणाऱ्या आमच्या वेळापैकी प्रत्यक्ष छपाईचा वाटा सर्वांत लहान असतो. बाकीचा सगळा वेळ छपाईच्या तयारीत जातो आणि छापून झाल्यावर प्रत्येक वस्तू जागच्या जागी ठेवण्यात जातो.

एका साध्या पुस्तिकेचा हिशेब मांडून पाहा. सोळा पानांची पुस्तिका म्हणजे मधोमध दुमडून एकात एक घातलेले चार ताव. प्रत्येक तावाला दोन बाजू, म्हणजे आठ फर्मे (फर्मा म्हणजे एका वेळी छापण्यासाठी एकत्र आवळलेली जुळणी). त्यांपैकी तीन फर्म्यांवर दुसरा रंग हवा असेल तर यंत्रावर अकरा वेळा चढवणे आले. पन्नास प्रती हव्या असतील तर खराब होणारे ताव गृहीत धरून साठ घ्यावे लागतात. म्हणजे ६६० वेळा ताव हाताने लावायचा, रूळ फिरवायचा आणि छापलेला ताव उचलून वाळत ठेवायचा. हे ऐकायला मोठे वाटते, पण सगळे जुळून आलेले असेल तर एका फर्म्याचे साठ ताव तासाभरात निघतात. तो फर्मा त्या क्षणापर्यंत आणायला मात्र दोन-तीन दिवस लागलेले असतात.

ते दिवस ‘केस’पाशी, म्हणजे खिळे (शिशाची सुटी अक्षरे) ठेवण्याच्या खणांच्या पेटीपाशी, सुरू होतात. रोमन खिळ्यांसाठी अमेरिकेत रूढ झालेल्या केसमध्ये ८९ खण असतात. कोणते अक्षर कुठे हे त्यांवर लिहिलेले नसते, ते हाताला पाठ व्हावे लागते. सर्वांत मोठा खण ‘ई’चा, कारण इंग्रजी मजकुरात ते अक्षर सर्वांत जास्त लागते. मोठ्या लिपीतील ‘जे’ आणि ‘यू’ हे वर्णक्रमात नसून ‘झेड’च्या नंतर येतात, कारण ती अक्षरे वर्णमालेत स्वतंत्रपणे उशिरा स्थिरावली आणि जुन्या मांडणीत त्यांना शेवटीच जागा मिळाली. डाव्या हातात स्टिक (खिळे ओळीत जुळवायचे छोटे साधन) धरून उजव्या हाताने खिळे उचलायचे, खिळ्याची खाच वरच्या बाजूला ठेवायची आणि ओळ डावीकडून उजवीकडे, पण उलटी वाचत जायची. पहिल्या सत्रात मला दहा ओळी जुळवायला दीड तास लागत असे. त्यातला निम्मा वेळ ओळ घट्ट बसवण्यात जाई, कारण प्रत्येक ओळ सारख्याच ताणाने भरलेली नसेल तर फर्मा उचलताना खिळे निसटून खाली पडतात. शब्दांमधल्या जागा शिशाच्या तुकड्यांनी भरतात, आणि अगदी शेवटचा फरक भरून काढायला एका पॉइंटची (पॉइंट म्हणजे इंचाचा सुमारे बहात्तरावा भाग) पितळी व अर्ध्या पॉइंटची तांब्याची पातळ पट्टी असते. तुम्ही संगणकावर अक्षरांमधले अंतर कमी-जास्त करत असाल, तर त्या अंतराला वजन असते आणि ते चिमटीत धरता येते, हे पहिल्यांदा इथे कळते. मला तरी तसेच कळले.

यानंतरची पायरी म्हणजे ‘मेकरेडी’, पानभर छपाईचा दाब सारखा करून घेण्याचे काम. मला सर्वांत जास्त ओढ याच कामाची आहे, म्हणून त्यावर थोडे अधिक लिहिते. फर्मा यंत्राच्या पाटावर आवळून बसवला, शाई लावली आणि पहिला ताव काढला की तो कधीच समान उठलेला नसतो. खिळ्याची उंची ०.९१८ इंच असावी लागते, पण शंभर वर्षे वापरून झिजलेला खिळा आणि फारसा न वापरलेला खिळा शेजारी आले तर ती एकसारखी राहत नाही. गेल्या महिन्यात माझ्या एका पानाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातील चार शब्द फिकट येत होते. अशा वेळी शाई वाढवण्याचा मोह होतो, आणि ती वाढवली की उरलेल्या पानावर अक्षरांच्या पोटात शाई भरते. योग्य उपाय असा की ताव उलटा करून तिरप्या उजेडात धरायचा, मागच्या बाजूला अक्षरांचे उमटलेले दाब बोटाने आणि डोळ्याने तपासायचे, जिथे दाब कमी आहे तो भाग पेन्सिलीने आखायचा आणि सिलिंडरच्या आवरणाखाली नेमक्या त्याच जागी एक हजारांश इंच जाडीचा पातळ कागद फाडून चिकटवायचा. कागद कापायचा नाही, फाडायचा, म्हणजे त्याची कड हळूहळू पातळ होत जाते आणि छपाईत रेघ उमटत नाही. मी पहिला तुकडा चिकटवल्यावर तीन शब्द उठले. चौथ्यातील एक वळणदार अक्षर अजूनही दबलेलेच होते, म्हणून त्या एका अक्षरापुरता नखाएवढा दुसरा तुकडा लावला. या सगळ्यात दुपार गेली, पण त्यानंतरचे साठही ताव एकसारखे निघाले.

दाबाबद्दलही एक मत सांगते. आज लेटरप्रेस म्हटले की कागदात खोल रुतलेली अक्षरे लोकांच्या डोळ्यांसमोर येतात, निमंत्रणपत्रिकांसाठी तीच मागणी असते. जुने मुद्रक मात्र शाई नीट उतरेल इतकाच दाब देत आणि मागची बाजू सपाट राहावी यासाठी झटत. पुस्तकाच्या पानाला दोन्ही बाजूंनी मजकूर असतो, एका बाजूचे खड्डे दुसऱ्या बाजूच्या वाचनात अडथळा आणतात आणि शिशाचे खिळे त्या दाबाने लवकर झिजतात. खोल दाब हवा असेल तर तो पॉलिमरच्या पट्टीवर द्यावा, जुन्या खिळ्यांवर देऊ नये, असे मला ठामपणे वाटते.

पॉलिमरचा उल्लेख तुमच्यासाठी विशेष महत्त्वाचा आहे. संगणकावर केलेल्या मांडणीची फिल्म काढून ती प्रकाशसंवेदी पॉलिमरवर ठेवतात. अतिनील प्रकाश लागलेला भाग घट्ट होतो, उरलेला पाण्याने धुऊन जातो आणि उठावाची पट्टी तयार होते. मराठी मजकूर छापायचा असेल तर बहुतेक विद्यार्थ्यांना हाच मार्ग उरतो. देवनागरीच्या जुळणीला रोमनपेक्षा कितीतरी जास्त, काहीशे निरनिराळे खिळे लागतात. काही पद्धतींत मात्रा आणि उकार वेगळ्या खिळ्यांनी अक्षराच्या वर-खाली बसवावे लागत. एकोणिसाव्या शतकात जावजी दादाजींच्या ‘निर्णयसागर’ या मुंबईतील छापखान्याने देवनागरीचे इतके सुघड खिळे पाडले की आजही त्या छपाईकडे पाहत राहावेसे वाटते. जुन्या मराठी पुस्तकाचे पान भिंगाखाली धरले तर शिरोरेखेत दोन खिळ्यांच्या सांध्यावर केसाएवढी फट अनेकदा दिसते. पॉलिमरवर ती फट नसते, शिरोरेखा अखंड येते. मी माझ्या प्रबंधाच्या पुस्तकासाठी पॉलिमर वापरले आहे आणि त्याबद्दल मला खंत नाही, पण खिळे जुळवण्याची सवय आधी लागली नसती तर ओळींमधले अंतर मी इतक्या काळजीने ठरवले नसते.

छापून झाले की खिळे परत खणांत टाकायचे असतात, आणि नवे विद्यार्थी इथेच कंटाळतात. शाई पुसून, चार-पाच ओळी डाव्या हातावर घेऊन, एकेक शब्द वाचत प्रत्येक अक्षर त्याच्या घरात सोडायचे. एक ‘बी’ ‘डी’च्या खणात पडला तर तो पुढच्या कोणाच्या तरी पानावर चूक म्हणून उगवतो. मी दुसऱ्या वर्षापासून पदवीच्या विद्यार्थ्यांचा वर्ग घेते, त्याच्या बदल्यात माझे शुल्क माफ होते आणि थोडे विद्यावेतन मिळते. या वर्गात मी पहिल्या दिवशी जुळणी न शिकवता खिळे परत टाकायला शिकवते. केसचा नकाशा त्यामुळेच लवकर पाठ होतो. तेलाची फडकी झाकणाच्या धातूच्या डब्यात टाकणे, जवसाच्या तेलाची शाई पुसलेले फडके चुरगळून ठेवले तर ते आपोआप पेटू शकते हे समजावणे, खिळे हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय काही खाऊ न देणे, हीदेखील माझीच जबाबदारी असते. जुन्या खिळ्यांवर पांढरट भुकटी दिसली तर त्यांना हातच लावायचा नाही, कारण ती शिशाची भुकटी असते आणि श्वासावाटे शरीरात जाऊ शकते.

बांधणी हा अभ्यासक्रमाचा तितकाच मोठा भाग आहे, आणि माझी सर्वांत महागात पडलेली चूक तिथलीच. कारखान्यात बनलेल्या कागदाचे तंतू बहुतांशी एकाच दिशेने वळलेले असतात. पुस्तकात ती दिशा कण्याला समांतर असावी लागते, तरच घडी स्वच्छ पडते आणि पान आपल्या वजनाने खाली झुकते. पहिल्या वर्षी कागद वाया जाऊ नये म्हणून मी मोठे ताव आडवे कापले आणि साठच्या साठ छापून टाकले. शिवताना घड्यांवर बारीक तडे दिसू लागले, खळ लावल्यावर पहिली आणि शेवटची पाने लहरींसारखी वर आली आणि तयार पुस्तक उघडले की त्याची पाने ताठ उभी राहत. आमच्या बांधणीच्या शिक्षिकांनी एक प्रत हातात घेतली, उघडली, मिटली आणि काही न बोलता माझ्यापुढे ठेवली. छपाई उत्तम होती, तरी ते पुस्तक वाचता येत नव्हते. त्या सगळ्या प्रती मी मोडून काढल्या. आता कोणताही ताव हातात आला की कापण्याआधी मी तो दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहते. ज्या दिशेने तो सहज वाकतो, त्या घडीला समांतर तंतू असतात.

आठवड्यातून एक सकाळ ग्रंथालयाच्या दुर्मीळ ग्रंथांच्या दालनात जाते. तिथे पुस्तकाच्या इतिहासाचा तास प्रत्यक्ष पुस्तके समोर ठेवून होतो. पंधराव्या शतकातील छापील पान उजेडात तिरपे धरले की पाचशेहून अधिक वर्षांपूर्वी दिलेला दाब कागदावर अजून दिसतो. मी मेकरेडी शिकल्यानंतर ते पान दुसऱ्यांदा पाहिले, तेव्हा एका ओळीचा शेवट किंचित हलका आहे हे लक्षात आले. त्या मुद्रकापुढेही माझ्यासारखाच फिकट कोपरा आला होता आणि त्याने तो तसाच जाऊ दिला होता. मी बराच वेळ तिथून उठले नाही.

अभ्यासक्रमांविषयी थोडक्यात. अमेरिकेत आयोवा विद्यापीठाचे ‘सेंटर फॉर द बुक’ आणि अलाबामा विद्यापीठ येथे बुक आर्ट्समध्ये एम.एफ.ए. (मास्टर ऑफ फाइन आर्ट्स, कलेतील पदव्युत्तर पदवी) करता येते. छपाई, बांधणी आणि हातकागद ही तीन अंगे अशा शिक्षणात असतात, आणि शेवटी स्वतः रचलेल्या, छापलेल्या व बांधलेल्या पुस्तकाच्या ठरावीक प्रती, त्यावरील लेखी निबंध आणि प्रदर्शन, असे प्रबंधाचे साधारण स्वरूप असते. अनेक ठिकाणी विद्यार्थी शिकागोच्या व्हँडरकुक कंपनीच्या सिलिंडर यंत्रांवर काम करतात. ही यंत्रे मुळात प्रुफे काढण्यासाठी बनवलेली होती आणि त्यांचे उत्पादन बंद होऊन बराच काळ लोटला आहे, म्हणून दुरुस्तीही शिकावी लागते.

पुढे काय, हे तुम्ही विचारलेले नाही, पण विचारायला हवे होते. पूर्णवेळ अध्यापनाच्या जागा फार थोड्या आहेत. माझ्या आधी शिकून गेलेल्यांपैकी काही ग्रंथालयांत पुस्तकांच्या जतनाचे काम करतात, काही दुर्मीळ ग्रंथांसाठी पेट्या बनवतात, काही निमंत्रणपत्रिका छापून त्या पैशांतून स्वतःची पुस्तके काढतात, आणि काही पुन्हा संगणकावरील मांडणीकडे वळले आहेत. कर्ज काढून हे शिक्षण घेऊ नका, असे मी स्पष्ट सांगेन. शुल्कमाफी आणि विद्यावेतन मिळत असेल तरच या.

तुम्हाला मांडणीचा अनुभव आहे, त्यामुळे पानाकडे पाहण्याची नजर तयार असणार आणि ती इथे रोज उपयोगी पडेल. अर्ज भरण्यापूर्वी मात्र जिथे लेटरप्रेसची कार्यशाळा होते तिथे चार दिवस जा आणि एका पानाचा मजकूर स्वतः जुळवून छापा. छापलेला ताव पाहून आनंद होईलच, तो सगळ्यांनाच होतो. त्यानंतर कोणाची मदत न घेता तो फर्मा सोडवून सगळे खिळे खणांत परत टाका आणि त्या दीड-दोन तासांत तुमचे मन कुठे होते ते मला इथेच प्रतिसादात कळवा. उरलेल्या प्रश्नांची उत्तरे मी त्यावरून अधिक नेमकेपणाने देऊ शकेन.